फुलमळ्यातून घडलेले शेतीचे गुरू: महात्मा जोतीराव फुले

प्रकाशा (ता. शहादा, जि. नंदुरबार) येथे तापी-गोमाईच्या संगमावर श्रावणात आणि महाशिवरात्रीला भाविकांची गर्दी होते. हार आणि सुट्या फुलांचा धंदाही याच दिवसांत चालतो. अशाच हार-फुलांच्या धंद्यावरून ज्यांच्या घराण्याला आडनाव मिळाले, त्या जोतीराव फुले यांच्या जीवनाची ही ओळख.

घराणे आणि व्यवसाय

घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. जोतीरावांचे आजोबा शेटिबा पुरंदर भागातील खानवडीस आले. पुढे त्यांची मुले पुण्यात फुलांच्या कामात तरबेज झाली. पेशव्यांना फुले व हार पुरवल्याबद्दल या कुटुंबाला ३५ एकर जमीन इनाम मिळाल्याचे चरित्रकार सांगतात. धंद्यावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले. वडील गोविंदराव फुले-भाजीचे दुकान व मळा सांभाळत.

बालपण आणि शिक्षण

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई लवकर वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. काही वर्षांच्या शाळेनंतर वडिलांनी त्यांना मळ्यात कामाला लावले. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली. १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले आणि १८४७ मध्ये त्यांनी शिक्षण पूर्ण केले. दिवसा मळा, रात्री दिव्याशेजारी पुस्तक, असा तो काळ होता.

१८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. या कामामुळे दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली.

शेतकरी आणि ठेकेदार

समाजकार्य करताना ते पोटासाठी स्वतःच्या धंद्यावर अवलंबून राहिले. बांधकामाचे ठेके आणि भाजीपाल्याचा व्यापार त्यांनी केला. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी घ्यायला शेतकरी कचरत होते, तेव्हा त्यांनी मांजरी येथे जमीन घेऊन त्या पाण्यावर बागायत करून दाखवली.

१८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. कर्ज, अज्ञान आणि सरकारी अधिकाऱ्यांची बेपर्वाई यांनी शेतकरी कसा नागवला जातो, हे त्यात आहे. त्यातील काही उपाय असे:

- पावसाने वाहून जाणारी कसदार माती शेतातच मुरावी म्हणून ताली व बंधारे बांधावेत.
- तलाव, धरणे बांधून कालव्याचे पाणी प्रत्येक शेताला नळाने मोजून द्यावे.
- बैल व मेंढ्यांची चांगली पैदास करावी.
- पिकांची प्रदर्शने भरवून उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत.
- शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे.

१८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सत्काराला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खेड्यांतील खरी परिस्थिती त्यांच्यापुढे मांडली. ११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाला, तरी डाव्या हाताने लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या शेतात

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. नंदुरबार जिल्हा याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. ॲस्टरचे फुले गणेश व्हाइट व फुले गणेश पिंक, निशिगंधाचा फुले रजनी हे वाण त्याच नावाने शेतात पोहोचले.

प्रकाशा परिसरात सणांसाठी फुलशेती करताना एवढे पाळावे:

- सणाची तारीख धरून उलट मोजून लागवड करावी.
- झेंडू व ॲस्टरची पूर्ण उमललेली फुले ऊन चढण्यापूर्वी तोडावीत.
- तोडलेली फुले सावलीत पसरून ठेवावीत. ओली फुले दाबून भरू नयेत.
- दररोजची तोडणी, दर आणि खर्च वहीत लिहावा.

शेवटचे काम सर्वांत जास्त टाळले जाते. हिशेब न कळणारा शेतकरी सावकाराच्या वहीत अडकतो, हे जोतीरावांनी जवळून पाहिले होते. ११ एप्रिलच्या जयंतीला कृषी सहायकांनी गावात पीकखर्चाची वही लिहिण्याचा एक वर्ग घेतला, तर ते त्यांच्याच कामाला धरून होईल.