खेळण्यातून विमान करणारा विल्बर राईट

विमान कोणी केले असे विचारले, तर आपण पटकन सांगतो, राईट बंधूंनी. पण त्याआधी त्यांनी घरच्या घरी किती छोटे छोटे पंख करून पाहिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांतल्या थोरल्या भावाची, विल्बरची ही माहिती.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यात झाला. ऑर्व्हिल त्याच्याहून चार वर्षांनी लहान. वडील धर्मगुरू होते, त्यामुळे ते सारखे परगावी जात. आई हाताची फार हुशार. तिचे वडील घोडागाड्या बनवीत, तिथेच ती हत्यारे चालवायला शिकली. मुलांची खेळणी ती स्वतः करून देई.

१८७८ साली वडिलांनी एक खेळणे आणले. बूच, बांबूच्या काड्या, कागद आणि रबर, बस्स एवढेच. रबराला पीळ देऊन सोडले, की ते भुर्रकन छताकडे जाई. लवकरच ते मोडले. मग भावांनी तसेच आणखी केले. पण आकार मोठा केला, की ते नीट उडेना. का बरं? कारण आकार दुप्पट केला, तर जोर दुप्पट करून भागत नाही, त्याच्या कितीतरी पट लागतो. हे त्यांना पुढे कळले.

विल्बरला कॉलेजात शिकायचे होते. पण हॉकी खेळताना तोंडावर काठी बसली, पुढचे दात पडले आणि प्रकृती ढासळली. कॉलेज राहूनच गेले. आईलाही क्षय झाला होता. तिची सेवा त्याने केली. घरातली पुस्तके वाचली. १८८९ साली आई वारली. १८९२ साली दोघा भावांनी डेटन शहरात सायकलींचे दुकान काढले.

१८९६ साली जर्मनीत लिलिएन्थाल हा शूर माणूस पंख बांधून उडताना पडून मरण पावला. विल्बरने विचार केला, नुसते वर जाऊन काय उपयोग? हवेत तोल सांभाळता आला पाहिजे. एकदा ट्यूबचे रिकामे खोके त्याच्या हातात पिळले गेले आणि युक्ती सुचली. पंख असाच पिळला तर? १८९९ साली त्याने पाच फूट रुंदीचा, दुहेरी पंखांचा पतंग केला. चार दोऱ्या, दोन काठ्या. जमिनीवरून काठ्या कलत्या केल्या, की वर पंख पिळला जाई आणि पतंग कलत असे. पतंगाने एकदम खाली झेप घेतली, तेव्हा पाहायला जमलेली पोरं जमिनीवर पालथी पडली म्हणे! आज रेडिओवर चालणारे छोटे विमान हातातल्या खोक्याची दांडी हलवून कलते करतात. विल्बरने तेच दोरीने केले.

१९०१ साली त्यांचे मोठे ग्लायडर हिशेबाप्रमाणे उचललेच नाही. विल्बर अगदी निराश झाला. पण पुस्तकातल्या आकड्यांवर विसंबून न राहता दोघांनी दुकानात सहा फूट लांब लाकडी खोके केले आणि त्यात पंख्याने वारा सोडला. जुन्या करवतीची पाती आणि सायकलीच्या आऱ्यांची तार घेऊन तराजू केला. पत्र्याचे सुमारे २०० छोटे पंख त्यात तपासले. कोणता पंख किती उचलतो, हे आता नक्की कळले.

१४ डिसेंबर १९०३ रोजी विल्बरने पहिला प्रयत्न केला, पण विमान लगेच खाली आले. ते दुरुस्त करून १७ डिसेंबरला ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला. त्याच दिवशी विल्बर ५९ सेकंद उडाला आणि ८५२ फूट गेला.

१९०८ साली विल्बरने फ्रान्समध्ये विमान उडवून सर्वांना थक्क केले. २५ मे १९१० रोजी, ते खेळणे आणणारे वडील ८१ व्या वर्षी ऑर्व्हिलबरोबर विमानात बसले. दोन वर्षांनी, ३० मे १९१२ रोजी, विषमज्वराने विल्बर गेला. वय अवघे ४५.

मित्रांनो, मोठे करण्याआधी लहान करून पाहावे आणि चुकले तर पुन्हा मोजावे, हे विल्बरकडून शिकण्यासारखे आहे. आणि पालकांनो, घरात पोरं काड्या, दोरा, रबर घेऊन बसली, तर त्याला नुसता पसारा म्हणू नका!