कॅमेरा हाती घेणारे गुरुजी : लुईस हाइन



वर्गाचा फोटो काढायचा असला की तुम्ही केस विंचरून, गणवेश ठीक करून उभे राहता. आज मी ज्यांची ओळख करून देत आहे, त्यांच्या कृष्णधवल फोटोंतील मुले तुमच्याच वयाची आहेत. पण त्यांचे पाय अनवाणी आहेत, तोंडे कोळशाने काळी झाली आहेत आणि मागे फळा नसून यंत्रे आहेत. हे फोटो काढणारे अमेरिकेचे लुईस हाइन व्यवसायाने शिक्षक होते.

त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १८७४ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी झाला. १८९२ मध्ये वडील अपघातात गेले आणि लुईसना कारखान्यात कामाला जावे लागले. रोज तेरा तास, आठवड्यातून सहा दिवस काम आणि मजुरी आठवड्याला चार डॉलर. कष्ट करीतच ते शिकले. फ्रँक मॅनी या शिक्षकांनी त्यांच्यातील गुण ओळखले. पुढे मॅनी न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलचे प्रमुख झाले, तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी हाइनना तेथे शिकवायला बोलावले आणि काही काळाने शाळेच्या कामासाठी त्यांच्या हाती कॅमेरा दिला. त्याआधी हाइननी कॅमेरा वापरला नव्हता!

पहिला मोठा विषय होता एलिस बेटावर उतरणारे परदेशी लोक. गाठोडी घेऊन आलेल्या त्या गरीब माणसांचे फोटो त्यांनी एखाद्या प्रतिष्ठित घराण्याचे काढावेत तितक्या आदराने काढले.

१९०० च्या जनगणनेप्रमाणे अमेरिकेत १० ते १५ वर्षे वयाची सुमारे साडेसतरा लाख मुले मजुरी करीत होती. १९०८ मध्ये हाइन शाळेची नोकरी सोडून राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी फोटो काढू लागले. सूतगिरण्या, काचेचे कारखाने, कोळशाच्या खाणी असे सगळीकडे ते फिरले. मालक आत येऊ देत नसत. मग हाइन कधी बायबल विकणारे बनत, कधी आगीची तपासणी करणारे अधिकारी. मुलांची उंची ते स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मोजत आणि खिशात हात घालून गुपचूप टिपून ठेवत. साउथ कॅरोलिनाच्या गिरणीतील एका मुलीच्या फोटोखाली त्यांनी तिची उंची लिहिली आहे : ४८ इंच. म्हणजे फक्त चार फूट! १९११ मध्ये पेन्सिल्व्हेनियात त्यांनी धुळीत वाकून बसलेली, कोळशातून दगड वेचणारी मुले टिपली.

नाव, वय, ठिकाण, तारीख अशी सगळी नोंद ते ठेवत. फोटो खोटा आहे असे कोणी म्हणू नये, यासाठी ही काळजी होती. अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे त्यांनी या समितीसाठी घेतली. ती पत्रके, प्रदर्शने आणि व्याख्यानांतून लोकांसमोर गेली आणि अनेकांचे डोळे उघडले.

तरीही यश लगेच मिळाले नाही. १९१६ साली झालेला बालमजुरीविरोधी कायदा १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. टिकणारा राष्ट्रीय कायदा १९३८ मध्ये आला, म्हणजे हाइननी हे काम सुरू केल्यावर तीस वर्षांनी.

मध्यंतरी १९३०-३१ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहताना उंच तुळयांवर काम करणाऱ्या मजुरांचे फोटो त्यांनी जिवावर उदार होऊन काढले. पण उतारवयात काम मिळेनासे झाले, राहते घरही गेले. ३ नोव्हेंबर १९४० रोजी गरिबीतच त्यांचे निधन झाले. आज त्यांची हजारो छायाचित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवली आहेत.

आपल्या देशातही १९८६ मध्ये बालमजुरीविरोधी कायदा आला आणि २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. तरी शाळेत येताना एखाद्या टपरीवर कपबशा धुणारा मुलगा तुम्हाला दिसत असेल. आपण रोज त्याच्यासमोरून जातो, पण त्याच्याकडे बघत नाही. हाइन गुरुजींनी थांबून बघितले, नाव विचारले आणि लिहून ठेवले. उद्या असा मुलगा दिसला तर मला किंवा तुमच्या वर्गशिक्षकांना येऊन जरूर सांगा. पुढचे काम आम्हा मोठ्यांचे आहे.

आपले,
प्राचार्य