एली मेचनिकॉफ : शरीरातल्या सैनिकांचा शोध

जखमेत पू झालेला तुम्ही पाहिला असेल. पू म्हणजे नुसती घाण नव्हे बरं का! तुमच्यासाठी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी त्यात असतात. या पेशींचं काम जगाला पटवून दिलं एली मेचनिकॉफ यांनी.

त्यांचा जन्म १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकीवजवळ झाला. पुढे ते ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक झाले. पहिली पत्नी क्षयाने गेली. दुसरी पत्नी ओल्गा टायफॉइडने गंभीर आजारी पडली. रोग म्हणजे काय, हे त्यांनी घरातच सोसलं होतं.

१८८२ साली ते इटलीतील मेसिना येथे राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कस बघायला गेली, हे मात्र सूक्ष्मदर्शकापाशीच बसले. समोर तारामाशाची पारदर्शक अळी होती. तिच्या अंगात काही पेशी फिरत होत्या. या पेशी शरीराचं रक्षण करत असतील का? त्यांनी बागेतले गुलाबाचे काटे आणून अळ्यांना टोचले. रात्रभर झोप नाही! सकाळी पाहतात तर काय, पेशींनी काट्याला घेराव घातलेला!

पेशी जंतूंना गिळतात, हे त्यांचं म्हणणं अनेकांना पटलं नाही. उलट या पेशीच जंतू शरीरभर पसरवतात, असं तेव्हा मानलं जाई. मेचनिकॉफ मागे हटले नाहीत. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते प्रयोग करत राहिले. १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. १९१६ मध्ये त्यांचं निधन झालं.

मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे ओडेसातले त्यांचेच विद्यार्थी.

मेचनिकॉफ यांच्यानंतर अनेक वर्षांनी टी-पेशी ओळखल्या गेल्या. त्यांतल्या मारक टी-पेशी जंतूला गिळत नाहीत. विषाणू शिरलेली आपलीच पेशी हेरून त्या तिला भोक पाडतात आणि मारतात. त्यासाठी लागणारं परफोरिन हे प्रथिन टी-पेशीतलं एक जनुक सुरू झाल्यावरच बनतं. ते जनुक जन्मतःच सदोष असेल तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणजे सैनिक असून भागत नाही, त्याच्या हाती शस्त्रही हवं.

आता वहीत लिहा : गिळणारी पेशी आणि मारक टी-पेशी यांच्या कामात फरक कोणता?