डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद : हुन्नर आणि अमानत



घरात मूल तापाने फणफणले की आपण त्याला गोळी देतो. ती गोळी खरी आहे की खडूची, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? ज्वारी घेताना आपण दाणा दाताखाली धरून पाहतो, बैल घेताना त्याचे दात पाहतो, कापड चोळून पाहतो. औषधाचे तसे नाही. तेथे बनविणाऱ्याच्या इमानावरच भरवसा ठेवावा लागतो. असा भरवशाचा धंदा ज्यांनी आपल्या विद्येच्या बळावर या देशात उभा केला, त्या डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे. ‘सिप्ला’ हे नाव तुम्ही औषधाच्या वेष्टनावर वाचले असेल. त्या कंपनीचे ते संस्थापक.

हमीद साहेबांचा जन्म 31 ऑक्टोबर 1898 रोजी अलीगढ येथे झाला. मुसलमानांनी आधुनिक तालीम घ्यावी म्हणून आयुष्य वेचणारे सर सय्यद अहमद खान त्याच वर्षी मार्च महिन्यात, त्याच गावी निवर्तले होते. विज्ञानाची गोडी लागलेल्या या तरुणाने अलाहाबादेस रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. तेवढ्यात असहकाराची चळवळ आली. 1920 साली अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था स्थापन झाली. सरकारी मदत न घेणाऱ्या या संस्थेत पैसा कमी आणि कष्ट जास्त होते. हमीद साहेबांनी तेथे रसायनशास्त्र शिकविले. आपला परभणी जिल्हा पूर्वी ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीत जन्मलेले आणि पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन हे जामियातील त्यांचे सोबती होते.

पुढील शिक्षणासाठी हमीद साहेब जर्मनीस गेले. रसायनविद्येत त्या काळी जर्मनीचा हात धरणारा देश नव्हता. बर्लिन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. लुबा या लिथुआनियाकडील ज्यू कुटुंबातील मुलीशी त्यांचा विवाहही बर्लिनमध्येच झाला.

मित्रांनो, येथे थोडे थांबून विचार करा. परदेशची पदवी हाती असलेल्या माणसाला एखादी चांगली नोकरी मिळविणे कठीण नव्हते. परंतु हमीद साहेबांना एक गोष्ट खुपत होती. आपल्या भागातील कापूस गठाणी बांधून बाहेर जाई आणि कापड होऊन दामदुप्पट भावाने परत येई, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. औषधांचेही तेच होते. झाडपाला, साली, मुळ्या येथून जात आणि औषधे परदेशातून येत. ज्याला आपल्या आजाऱ्याचे औषध करता येत नाही, तो देश स्वतंत्र कसा म्हणावा?

1935 साली हमीद साहेबांनी मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ ही कंपनी स्थापन केली. याच लांबलचक नावाचे पुढे ‘सिप्ला’ झाले. 1937 साली तिची पहिली औषधे बाजारात आली. आपण शोधलेल्या अनेक औषधांची सूत्रे आणि पेटंटे त्यांनी कंपनीला देऊन टाकली आणि त्यांवर रॉयल्टी घेतली नाही. ज्या ज्ञानावर घरबसल्या पैसा मिळाला असता, ते त्यांनी कारखान्याच्या पायात घातले.

4 जुलै 1939 रोजी महात्मा गांधींनी या कारखान्यास भेट दिली. थोड्याच दिवसांत दुसरे महायुद्ध पेटले. बाहेरून येणाऱ्या औषधांचा ओघ आटला. टंचाई आली की मापात पाप करण्याचा मोह अनेकांना होतो. अशा वेळी सिप्लाने येणे बंद झालेली औषधे येथेच तयार करण्याचे काम अंगावर घेतले. पेटी बाहेरून आणून तिच्यावर आपली चिठ्ठी लावणे निराळे आणि मूळ रसायनच आपल्या हाताने तयार करणे निराळे, हा फरक त्या युद्धाने सर्वांना दाखवून दिला.

1937 पासून 1962 पर्यंत ते मुंबई विधान परिषदेचे सदस्य होते. मुंबईचे शेरीफ होण्याचा मानही त्यांना मिळाला. फाळणीला त्यांचा विरोध होता. 1947 साली अनेकांची घरे उठली, परंतु ते याच मातीत राहिले आणि कारखाना वाढवीत राहिले. ज्या 1972 साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी 23 जून रोजी त्यांचे निधन झाले. 2001 साली त्यांचे चिरंजीव डॉ. युसुफ हमीद यांनी एड्सवरील तीन औषधांचा उपचार वर्षाला 350 डॉलरला देऊ केला. परदेशी कंपन्या त्यासाठी 10,000 डॉलरहून अधिक घेत होत्या. वडिलांनी लावलेल्या झाडाची सावली आफ्रिकेतील गरिबांपर्यंत पोचली.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपली मुले गॅरेजात काम करतात, मोटारी भरतात, मोबाइल दुरुस्त करतात, फार्मसी आणि संगणक शिकतात. या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. गिऱ्हाईकाला आतले काही दिसत नाही. जुना पार्ट पुसून नवा म्हणून बसविला, तर त्याला कळणार नाही. कळते ते करणाऱ्याला आणि अल्लाहला. म्हणून हुन्नर ही अमानत आहे. ज्ञान जितके मोठे, तितकी अमानत मोठी. माप मारणाऱ्यांविषयी कुरआन शरीफमध्ये एक स्वतंत्र सूरह आहे, हे आपण जाणताच. मेकॅनिकचा पाना आणि औषधवाल्याचा तराजू यांनाही ती लागू आहे.

पालकांनो, मुलगा चार पैसे कमावू लागला म्हणून त्याची शाळा सोडवू नका. अर्धवट शिकलेला कारागीर दुसऱ्याच्या दुकानात राबत राहतो. पुरते शिकलेला स्वतःचे दुकान टाकू शकतो. मुलीला विज्ञान आवडत असेल, तर घरापासून कॉलेज दूर आहे एवढ्यावरून तिची वाट अडवू नका. आणि विद्यार्थ्यांनो, प्रयोगशाळेतील वहीत दुसऱ्याचे आकडे उतरवून घेण्याची सवय आजच सोडा. उद्या ज्या हातांवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवणार आहेत, त्यांचे शिक्षण त्या वहीतच सुरू होते.

अल्लाह आपणा सर्वांना तालीम, मेहनत आणि इमानदारीची तौफीक देवो.