एका रात्रीचे बेघर आणि गाडगेबाबा

ऑस्ट्रेलियात 2006 पासून एक उपक्रम चालतो. बड्या कंपन्यांचे साहेब हिवाळ्यातली एक रात्र पुठ्ठा अंथरून उघड्यावर झोपतात, बेघरांचे दुःख समजून घेतात आणि त्यांच्यासाठी पैसा गोळा करतात. चांगली गोष्ट आहे, हसण्यावारी नेऊ नये. पण सकाळी घरी जायचे ठरलेले असले की रात्रीची भीती अर्धी संपते. आपल्या महाराष्ट्रात मात्र असा एक माणूस होऊन गेला, की ज्याने घर असताना उघड्यावरची रात्र पत्करली आणि ती 51 वर्षे संपू दिली नाही.

डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव, जात परीट. बाप दारूपायी गेला. पोर आईबरोबर मामाच्या गावी, दापुऱ्याला वाढले, गुरे राखली, शेत कसले. तिथेही सावकाराने कर्जाच्या कागदावर जमीन बळकावली. लिहिता-वाचता न येणाऱ्याचे छप्पर कसे जाते, हे डेबूजीने डोळ्यांदेखत पाहिले. 1905 साली बायको कुंताबाई, मुले, आई यांना मागे ठेवून तो बाहेर पडला. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक फुटके गाडगे. कुंताबाईंच्या वाट्याला काय आले, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. ती व्हायला हवी.

गाडगे हेच ताट आणि तेच डोक्यावरचे टोपडे. गावात शिरायचे, आधी रस्ता झाडायचा, मग भाकर मागायची. रात्री कीर्तनाला हजारोंची गर्दी, आणि कीर्तन आटोपले की बाबा अंधारात कुठेतरी झाडाखाली. वेड्या भिकाऱ्याला गाव कसे हाकलते, हे ते रोज अनुभवत होते. त्या अनुभवातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. आषाढीच्या पावसात चंद्रभागेच्या वाळवंटात कुडकुडणारा वारकरी त्यांना दिसला. त्यातही ज्याला दुसऱ्या धर्मशाळेच्या ओट्यावरही कोणी टेकू देत नव्हते तो अस्पृश्य वारकरी दिसला, म्हणून पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा झाली. विठोबाच्या देवळात बाबा गेले नाहीत.

अस्पृश्यांसाठी वेगळी धर्मशाळा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. तो चुकीचा नाही. पण पावसात उभ्या असलेल्या माणसाला आधी छप्पर लागते.

इथे बडोदा आठवल्याशिवाय राहत नाही. 1917 साली परदेशातून शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जात कळताच पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले. हिंदू आणि ख्रिस्ती स्नेह्यांचे दरवाजेही उघडले नाहीत. कामाठी बागेत बसून काढलेले ते तास आणि रात्रीची मुंबईची गाडी, हे बेघरपण बाबासाहेबांनी निवडलेले नव्हते. गाडगेबाबांनी निवडले होते. पदवी असून दार बंद होणे आणि दार असून ते सोडणे, यातला फरक झाकून दोघांना एकाच आरतीत बसवणाऱ्यांपासून सावध राहावे. 1949 साली बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली आणि तिथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले. तो फरक मिटवायचा खरा रस्ता हा होता.

शेवटच्या वर्षांत बाबांची नजर मुंबईच्या दवाखान्यांकडे वळली. रोगी आत खाटेवर, आणि गावाकडून आलेली त्याची बायको-आई फुटपाथवर. जे. जे. हॉस्पिटलजवळ अशा नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही गरज वेगळी समजावून सांगायला नको.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीपाशी वाटेतच गाडगेबाबा गेले.

पुढे तीनच वर्षांत, 1959 साली, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि भटकतो आहे, एवढ्यावर माणसाला वॉरंटशिवाय पकडायची, एक ते तीन वर्षे डांबायची सोय त्यात झाली. फुटके गाडगे घेऊन गावात शिरणारा डेबूजी त्या व्याख्येत नेमका बसतो. याच कायद्याची मुख्य कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये, दिल्लीपुरती, घटनाबाह्य ठरवली.

महाराष्ट्र सरकारने 2000 साली ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव दिले. झाडू तेवढा उचलला, धर्मशाळा विसरली. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 70 हजार बेघर मोजले गेले. शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही चोवीस तास उघडा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले आहे. येत्या 20 डिसेंबरला हातात झाडू घेऊन फोटो काढून घेणारे पुढारी भेटतील, तेव्हा आपल्या शहरात असे निवारे किती आणि ते कोणत्या गल्लीत आहेत, एवढे त्यांना विचारावे.