होडीतली जागा दोनदा नाकारणारे फादर

'टायटॅनिक' बोटीची गोष्ट आपण सिनेमात पाहिली आहे. पण त्या बोटीवर तीन कॅथलिक धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांतील एक फादर थॉमस बाइल्स. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ या.

फादरांचा जन्म १८७० साली इंग्लंडमधील लीड्स शहरात एका प्रॉटेस्टंट पाळकाच्या घरी झाला. ऑक्सफर्डला शिकत असताना १८९४ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. रोमला अभ्यास करून १९०२ साली त्यांनी गुरुदीक्षा घेतली. १९०५ पासून ते एसेक्समधील ओंगर या लहानशा गावच्या धर्मग्रामात सेवा करीत होते.

१९१२ साली त्यांचा धाकटा भाऊ विल्यम याचे लग्न न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ठरले. ते आपल्या हातून लागावे म्हणून फादर १० एप्रिलला साउदॅम्प्टनहून टायटॅनिकने निघाले. १४ एप्रिल हा पास्कानंतरचा रविवार. त्या सकाळी त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातील प्रवाशांसाठी मिस्सा अर्पण केली.

त्याच रात्री ११.४० वाजता बोट हिमनगावर आदळली. बोटीवर सुमारे २२०० माणसे, जीवरक्षक होड्या फक्त २० आणि त्यांत जागा ११७८! तिसऱ्या वर्गात बहुतेक गोरगरीब, पोटापाण्यासाठी अमेरिकेला निघालेले. फादरांनी त्यांना धीर दिला, वर आणले, बायकामुलांना होड्यांत चढवले. वाचलेल्या प्रवाशांनी पुढे सांगितले, की फादरांना दोनदा होडीत जागा देऊ केली आणि दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. मागे राहिलेल्यांची पापनिवेदने ऐकत, त्यांच्याबरोबर रोझरी म्हणत ते शेवटपर्यंत थांबले. पहाटे २.२० वाजता बोट बुडाली. सुमारे १५०० जण गेले. त्यांत तिन्ही धर्मगुरू होते. फादर बाइल्स ४२ वर्षांचे होते. त्यांचा देह सापडला नाही.

विल्यमचे लग्न दुसऱ्या धर्मगुरूंनी लावले. मग नवदांपत्य घरी गेले, शोकाचे कपडे घालून पुन्हा चर्चमध्ये आले आणि फादरांसाठीच्या मिस्सेला बसले.

होडीत बसले असते तर फादरांना कोणी दोष दिला नसता. भावाचे लग्न वाट पाहत होते. पण ज्यांना होडी मिळणार नव्हती, त्यांच्याजवळ मग कोण थांबले असते? आपल्या घरातील आजाऱ्याजवळ, शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याजवळ थांबण्याची वेळ येते, तेव्हा आपण फादर बाइल्स यांना आठवू या.