खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : गोळेश्वर, ता. कराड, जि. सातारा, १५ जानेवारी १९२६, मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४) हे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे मल्ल होत. वडील दादासाहेबही पैलवान होते. मातीत घडलेल्या खाशाबांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट नवखी होती. तरीही ते सहावे आले.

१९५२ च्या हेलसिंकी वारीसाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथे ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवले. मात्र एका प्रदीर्घ कुस्तीपाठोपाठ त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव्हशी लढावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये किमान ३० मिनिटे विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. स्नायूंची झीज भरून काढणारी अमिनो आम्ले, मग ती दुधातून मिळोत वा आजच्या पूरक भुकटीतून, आपले काम काही तासांत, कधी दिवसांत करतात. दोन कुस्त्यांमधला दम परत यायला विसावाच लागतो. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि २३ जुलै रोजी कांस्यपदकाचे मानकरी ठरले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, २००० साली मिळाला.